गणितात पीएचडी करायची का?

नमस्कार मंडळी. एम.एस्सी. मॅथ्सचा निकाल लागला की आपल्याकडं लेकराला जो तो एकच विचारतो, आता पुढं काय? आणि लेकरू हुशार असलं की उत्तरपण शेजारचे काकाच देऊन टाकतात, कर की पीएचडी, प्राध्यापक होशील.

इथंच घोळ होतो बघा. १ जुलै २०२३ पासून यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, असिस्टंट प्रोफेसरच्या थेट भरतीला नेट किंवा सेट (देशपातळीवरची किंवा राज्याची पात्रता परीक्षा) हीच किमान अट ठेवलीय, पीएचडी ऐच्छिक. आणि पीएचडी झाली म्हणून जागा निघते थोडीच, सीएचबीवर, म्हणजे क्लॉक अवर बेसिसवर, तासाच्या हिशोबानं शिकवणारे डॉक्टर नांदेड-परभणीपासून बीडपर्यंत भेटतील, त्यांच्याबरोबर एकदा चहा घ्या, सगळं कळतं. निव्वळ नोकरीसाठी करत असाल तर माझं ऐका, आधी नेट-सेट काढा.

मग करावी कुणी? नेटचा पेपर अवघड असतो, मान्य, पण प्रश्नाला उत्तर आहे एवढं तरी पक्कं असतं की नाही. रिसर्चमधे तेच पक्कं नसतं. सहा सहा महिने एका लेमाच्या, म्हणजे मोठ्या प्रमेयाकडं नेणाऱ्या छोट्या विधानाच्या, मागं लागायचं आणि मग ते खोटं पाडणारं एक फालतू उदाहरण, काउंटरएक्झाम्पल, सापडतं, लेमाच खोटा! त्या दिवशी डोकं फिरणारच, पण दुसऱ्या दिवशी वही उघडावी वाटते का, हे बघायचं. याची चाचणी घरीच होते. बंद, मर्यादित इंटरव्हलवरचं कंटिन्युअस फंक्शन युनिफॉर्मली कंटिन्युअस असतं, हे एम.एस्सी. मॅथ्सवाल्या सगळ्यांना पाठ. आता 'बंद' ही अट काढा, शून्य ते एक या उघड्या इंटरव्हलवर एक भागिले एक्स घ्या, आणि प्रूफ नेमकं कुठं मोडतं ते पुस्तक न उघडता शोधत बसा. संध्याकाळ कशी गेली कळलंच नाही असं झालं तर पुढं बोलू. कंटाळा आला तर त्यात कमीपणा काही नाही, दुसरी कामं पुष्कळ आहेत.

पैशाचं म्हणाल तर जेआरएफला, म्हणजे नेटमधून मिळणाऱ्या संशोधन फेलोशिपला, पहिली दोन वर्षं महिना ३७,०००, नंतर ४२,०००, घरभाडं वेगळं. फेलोशिप नसेल तर घरच्यांशी आधी स्पष्ट बोला, कारण यूजीसीच्या नियमानं पीएचडीला कोर्सवर्क धरून कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा. मुलींच्या बाबतीत सहा वर्षं म्हटलं की आत्याबाई स्थळं घेऊन हजरच, पण त्याच नियमात महिलांना दोन वर्षं जादा मिळू शकतात आणि बाळंतपणाची रजा २४० दिवसांपर्यंत आहे, हे आत्याबाईंना पण सांगा.

आणि गाइड. संभाजीनगरला करा, नांदेडला करा नाहीतर पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत, जागा रिकामी आहे म्हणून कुणाकडंही नाव नोंदवू नका. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना गाठा, किती वर्षं लागली, सर आठवड्यातून कितीदा बसायचे, पेपर कुठं छापले ते विचारा. पैसे घेऊन महिनाभरात छापणाऱ्या जर्नलांची नावं ऐकू आली तर दुसरा गाइड बघा, त्यात एक वर्ष गेलं तरी जाऊ द्या.