चार पार्सलं

गिरगावातलं हे एका छोट्या प्रकाशकाचं ऑफिस, आणि टेबलावर एकाच कवितासंग्रहाच्या चार प्रती, सुतळी आणि टेप. एक पार्सल कोलकात्याला, एक चेन्नईच्या कॉनेमारा लायब्ररीला, एक दिल्ली पब्लिक लायब्ररीला, आणि चौथं इथंच, फोर्टात टाऊन हॉलला.

कोलकात्याची नॅशनल लायब्ररी केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाखाली चालते, अलीपूरला बेल्व्हेडियरमध्ये. तिथे पुस्तकं विकत घेतात, भेट येतात, सगळं आहे, पण देशात छापलेल्या पुस्तकांचा मोठा लोट येतो तो १९५४ च्या कायद्यामुळे, म्हणजे प्रकाशकाने ठरलेल्या ग्रंथालयांना पुस्तक पाठवायचं सांगणारा ‘डिलिव्हरी ऑफ बुक्स’ कायदा, लायब्ररीवाले त्याला नुसतं डीबी अ‍ॅक्ट म्हणतात. पुस्तक निघालं की तीस दिवसांत चारही ठिकाणी एकेक प्रत, तीही स्वखर्चाने. आणि कोलकात्याला कुठलीही उरलीसुरली प्रत चालत नाही हां, कायदा म्हणतो तिथली प्रत सगळ्यात चांगल्या कागदावरची, नीट बांधलेली, नकाशे-चित्रांसकट हवी. १९५६ पासून वर्तमानपत्रंही त्यात आली.

टाऊन हॉल म्हटलं की लोकांना एशियाटिक सोसायटीची लायब्ररी आठवते, किंवा पायऱ्यांवरचे फोटो. पण चौथं पार्सल जिथे जातं ते आपलं राज्य मध्यवर्ती ग्रंथालयही याच इमारतीत, १९९४ मध्ये ते एशियाटिकपासून वेगळं झालं. म्हणजे कायदा केंद्राचा आणि लायब्ररी राज्याची, अशी ही गंमत आहे.

आता हे बघा. लायब्ररीत पार्सल फोडलं, की प्रकाशकाला पोच द्यायची, ती लेखी द्यावीच लागते. मग दाखल नंबर, मग शिक्का, मग विषय बघून वर्गांक, तो पुठ्ठ्याच्या कण्यावर चिकटवायचा, पुस्तक जाड असेल तर सोपं, पण असल्या बारक्या कवितासंग्रहाला कणाच नसतो, मग लेबल अर्धं पुढे अर्धं मागे. तिकडे कोलकात्याला आलेल्या प्रतींवरून भारताची राष्ट्रीय ग्रंथसूची, म्हणजे देशात निघालेल्या पुस्तकांची यादी, बनते, मराठीसकट, १९५८ पासून.

जे पाठवत नाहीत त्यांची पुस्तकं या सूचीत सहसा येतच नाहीत. मूळ कायद्यात दंड पन्नास रुपयांपर्यंत, वर पुस्तकाची किंमत.

तुम्ही स्वतःच्या पैशाने पुस्तक काढलं असेल तर प्रकाशक तुम्हीच, तेव्हा पार्सलंही तुमचीच. छपाईच्या हिशोबात चार प्रती आणि पोस्टाचा खर्च आधीच धरा, आणि पोच फाइलला लावून ठेवा.