गाडीची वाढीव वॉरंटी घ्यावी का?

श्रोतेहो, नमस्कार. दसरा तोंडावर आलाय, सांगली-मिरज रस्त्यावरच्या शोरूममध्ये गर्दी सुरू झालीय. गाडी ठरते, रंग ठरतो, आणि पैसे भरायच्या टेबलावर शेवटचा कागद पुढे येतो : 'एक्स्टेंडेड वॉरंटी पण घेऊन टाका, साहेब.' मूळ वॉरंटी संपल्यावर पुढं चालणारी ही जादा पैशांची वॉरंटी घ्यावी का, यावर आज बोलायचंय.

एक गोष्ट नीट कानात ठेवा. वॉरंटी म्हणजे विमा नव्हे. कारखान्यातून सदोष आलेला भाग बिघडला, तर वॉरंटी. धडक, चोरी, पूर असं काही झालं, तर विमा. पुन्हा सांगतो : दोष आतला असेल तर वॉरंटी, संकट बाहेरचं असेल तर विमा. आमच्या दाजींना हा फरक २०१९ च्या महापुरात कळला.

दाजींचं घर सांगलीत, गावभागात. हळदीच्या अडतीत आयुष्य गेलेलं, त्यामुळं कागद जिवापाड जपणारा माणूस. आदल्या वर्षी पाडव्याला त्यांनी डिझेल गाडी घेतली, सोबत वाढीव वॉरंटी. ती फाईल कपाटात, घराच्या खरेदीखताशेजारी. ऑगस्टमध्ये कृष्णा चढायला लागली. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५, हे सांगलीत लहान पोरांनाही पाठ असतं. पंचेचाळिसावर पाणी गेलं तरी दाजी म्हणत होते, "२००५ ला पायरीपर्यंत आलं होतं, यंदाही तेवढंच येईल." यंदा ५७ फूट ओलांडले. ताई, मुलं आणि म्हाताऱ्या आईला घेऊन ते बोटीनं बाहेर पडले आणि मिरजेला आमच्याकडे आले. अंगावरचे कपडे, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत दोनच कागद : खरेदीखत आणि वॉरंटीची फाईल. मला म्हणाले, "गाडी बुडाली तरी घोर नाही, पाच वर्षांची वॉरंटी आहे."

नदीकाठी पूररेषेच्या आत आजही भराव टाकून प्लॉट पाडतात, हे बघितलं की माझा संताप होतो. तो विषय वेगळा, पण सांगलीकरानं तो सोडू नये.

पाणी ओसरलं. गाडीत सीटपर्यंत गाळ. गल्लीतला मिस्त्री लांबूनच ओरडला, "दाजी, चावी लावू नका!" तोवर पुतण्यानं, बघू तरी चालू होते का म्हणून, स्टार्टर मारला होता. खाडकन आवाज झाला आणि इंजिन जाम. सिलिंडरमध्ये हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, पाण्यावर आदळतो, कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून बुडालेली गाडी चालू करायची नाही. बॅटरीची तार काढायची आणि टोचन लावून न्यायची. परत सांगतो, चावीला हात लावायचा नाही.

सर्व्हिस सेंटरला दाजींनी ती कोरडी फाईल टेबलावर ठेवली. समोरच्या मुलानं पान उलटलं आणि बारीक अक्षरातली इंग्रजी ओळ दाखवली. पुराचं नुकसान वॉरंटीत नाही. अपघात नाही, उंदरानं कुरतडलेलं वायरिंग नाही. मग विम्याचा सर्व्हेअर आला. सीट, वायरिंग मंजूर झालं, इंजिन झालं नाही, कारण पाणी असताना ते चालू केलं होतं. इंजिनासाठी विम्यात 'इंजिन प्रोटेक्ट' हे कलम जादा पैसे भरून जोडावं लागतं, आणि दाजींनी ते जोडलंच नव्हतं. चांगल्या मुऱ्हा म्हशीच्या किमतीएवढं बिल त्यांनी खिशातून भरलं. त्या रात्री जेवताना एवढंच म्हणाले, "मराठीत लिहिलं असतं, तर घेतानाच विचारलं असतं."

महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गाडीच्या शर्ती मराठीत मिळायलाच हव्यात, असं माझं ठाम मत आहे. नदीकाठच्या माणसानं आधी ते इंजिनाचं कलम घ्यावं, वॉरंटीचं नंतर बघावं. आणि बुडालेली गाडी कुणी चुकून चालू केली तर काय, हेही विमावाल्याला तेव्हाच विचारावं.

मग वाढीव वॉरंटी फुकट जाते का? नाही. शेजारच्या गुरुजींच्या ऑटोमॅटिक गाडीचा गिअर पाचव्या वर्षी अडकला आणि सगळा खर्च वॉरंटीतून निघाला. गाडी सात-आठ वर्षं ठेवणार असाल, ती ऑटोमॅटिक असेल, सेन्सर आणि स्क्रीन भरपूर असतील, तर घ्या. चार वर्षांत विकणार असाल, तर बहुतेक गरज नाही. मारुतीनं जुलै २०२४ मध्ये मूळ वॉरंटीच ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर केली. आधी ती २ वर्षं, ४० हजार होती. यातलं जे आधी संपेल ते धरतात, त्यामुळं रोज सांगली-कोल्हापूर करणाऱ्याची वॉरंटी किलोमीटरवरच संपते.

डिलिव्हरीच्या दिवशी, पेढे वाटताना सही करू नका. वाढीव वॉरंटी सहसा नंतरही घेता येते, फक्त मूळ वॉरंटी संपण्याआधी. किंमत थोडी वाढते, पण वाचायला वेळ मिळतो. घेताना ती गाडीच्या कंपनीची आहे की तिसऱ्याच कुणाची, हे विचारा. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, टायर, वायपर हे झिजणारे भाग तिच्यात नसतात. बाहेर वायर कापून हॉर्न-लाइट बसवले, तर त्या वायरिंगचा दावा अडतो. सर्व्हिसिंग वेळेवर, अधिकृत ठिकाणी करा आणि प्रत्येक जॉब कार्ड, म्हणजे केलेल्या कामाची नोंद असलेला कागद, जपून ठेवा.

दावा नाकारला, तर कारण लेखी मागा. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, पुन्हा सांगतो, एक-नऊ-एक-पाच. तिथं दाद लागली नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. मोबदला म्हणून भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल, तर त्या तक्रारीला फी लागत नाही. नमस्कार.