इंटेलचं ग्राफिक्स डिसेबल करू नका! (लॅपटॉप क्रॅश आणि दोन ग्राफिक्सचा घोळ)

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली तोच एक प्रश्न पुन्हा पुन्हा आलाय. "दादा, गेम सुरू केला की लॅपटॉप अडकतो, स्क्रीन काळी. इंटेलचं ग्राफिक्स डिसेबल करून टाकू का? म्हणजे एनव्हीडियाच चालेल."

नको. ज्यांना एवढंच हवं होतं ते गेले तरी चालेल. बाकीच्यांनी बसा.

मूळ गोष्ट एका दमात सांगतो, तुम्हाला माहीतच आहे. प्रोसेसरच्या पोटात एक छोटं ग्राफिक्स असतं, ते इथे इंटेलचं, ते वीज कमी खातं. दुसरी वेगळी चिप असते, ती एनव्हीडियाची, स्वतःची मेमरी असलेली, दणकट, पण बॅटरी पिणारी. ब्राउझरला पहिलं, गेमला आणि एडिटिंगला दुसरं. झालं.

आता खरा घोळ. पूर्वी काही लॅपटॉपवर ग्राफिक्स बदलायला चक्क बटण असायचं. 2010 मध्ये एनव्हीडियानं ऑप्टिमस आणलं आणि हे काम आपोआप व्हायला लागलं. पण कसं? लॅपटॉपची स्क्रीन जोडलेली असते इंटेलला. एनव्हीडिया चित्र तयार करतं, इंटेलकडे देतं आणि स्क्रीनवर टाकतं ते इंटेलच. लग्नातली पंगत आठवा. आचारी मांडवामागे, वाढपी पानांपाशी. तुम्ही म्हणताय, वाढपी हडकुळा आहे, हाकला त्याला, आपला आचारी दमदार आहे. बरं, हाकलला. आता पानात वाढणार कोण?

माझ्या मावसभावानं डिव्हाइस मॅनेजरमधून, म्हणजे विंडोजमधल्या हार्डवेअरच्या यादीतून, हेच केलं, कुठल्याशा रीलमध्ये बघून. रात्री साडेअकराला फोन. "अरे, ब्राइटनेस कमीच होत नाहीये, डोळे फुटतायत." म्हटलं, डिव्हाइस मॅनेजर उघड, डिस्प्ले अडॅप्टर्सखाली काय दिसतंय वाच. तर मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर! म्हणजे वाढपी गेला म्हणून विंडोजनं शेजारचं पोर उभं केलं. ते पाणी वाढतं, बास. आणि ज्या गेमसाठी हा सगळा उपद्व्याप, तो आता सुरूच होईना. इंटेलवर राइट क्लिक, एनेबल, रीस्टार्ट. पाच मिनिटांत सगळं जागेवर. क्रॅश मात्र होता तिथेच, कारण त्याला कुणी हातच लावला नव्हता.

यावर एक कमेंट ठरलेली असते. "माझ्याकडे चालतं, तुम्ही उगाच घाबरवता." चालत असेल, बाबा. तुमच्या लॅपटॉपमध्ये मक्स स्विच असेल, म्हणजे आचारी स्वतःच पानापाशी येऊन वाढू शकतो. पण तेही करायचं ते बायोसमधून (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमधून) किंवा कंपनीच्या ॲपमधून, जसं आसूसचं आर्मरी क्रेट, लेनोव्होचं व्हँटेज. डिव्हाइस मॅनेजरमधून नाही!

आणि हे डिसेबलचं खूळ येतं कुठून, सांगू? टास्क मॅनेजरमधून. [स्क्रीन दाखवतो] हे बघा, परफॉर्मन्स टॅब. जीपीयू म्हणजे ग्राफिक्सची चिप. जीपीयू 0 म्हणजे इंटेल, जीपीयू 1 म्हणजे एनव्हीडिया. गेम चालू असताना 0 पण हलतोय ना? लोकांना वाटतं, गेम चुकीच्या ग्राफिक्सवर चाललाय. अहो, तो वाढतोय! त्यानं हलायलाच हवं. तुम्ही फक्त 1 किती चढलाय ते बघा.

मग ग्राफिक्स बदलायचंच नाही का? बदलायचं, पण तपासायला. सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्ले, ग्राफिक्स. 2018 पासून विंडोजमध्येच ही सोय आहे. जे ॲप क्रॅश होतं ते निवडा आणि पॉवर सेव्हिंगवर टाका. हो, पॉवर सेव्हिंग, उलटं ऐकलं नाहीत. गेम रडतखडत चालेल, चालू दे. एक संध्याकाळ तसंच वापरा. क्रॅश थांबला, तर संशय एनव्हीडियाच्या बाजूला. तरीही झाला, तर रॅम, एसएसडी, तो गेम स्वतः, असं दुसरीकडे शोधा.

इथं इव्हेंट व्ह्यूअरबद्दल थोडं भांडायचंय, म्हणजे विंडोजची ती नोंदवही, जिथे प्रत्येक घटनेला नंबर असतो. "दादा, 41 आलाय, कुठला पार्ट बदलू?" कुठलाच नाही! कर्नल पॉवर 41 म्हणजे मशीन नीट बंद झालं नाही, एवढंच. माणूस गेला असं सांगणारा दाखला आहे तो, कशानं गेला ते त्यात नसतं. तुम्ही 4101 शोधा. विंडोज ग्राफिक्सच्या उत्तराची दोन सेकंद वाट बघतं, नाही आलं तर ड्रायव्हर, म्हणजे चिप चालवणारं सॉफ्टवेअर, रीसेट करतं आणि 4101 लिहून ठेवतं. तिथे एनव्हीएलडीडीएमकेएम असं जीभ वळणार नाही असलं नाव दिसलं, तर तो एनव्हीडियाचा ड्रायव्हर. नुसताच 41 असेल, निळी स्क्रीनही न येता फट्दिशी बंद होत असेल, तर आधी उष्णता आणि चार्जर बघा. आणि गादीवरून उचला तो लॅपटॉप.

माझंच सांगतो. गेल्या वर्षी व्हिडिओ एक्स्पोर्ट करताना दर वेळी स्क्रीन काळी. दुकानात नेला, "बोर्ड गेला, चौदा हजार." घरी येऊन बघितलं तर 4101 ची रांग लागलेली, आणि पहिला त्याच दिवशीचा, ज्या दिवशी ड्रायव्हर आपोआप अपडेट झाला. नेट बंद केलं, सेफ मोडमध्ये (विंडोज कमीत कमी गोष्टींवर चालतं तो मोड) डीडीयूनं, म्हणजे ड्रायव्हर साफ करणाऱ्या टूलनं, ड्रायव्हर मुळापासून काढला, लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून आधीच उतरवून ठेवलेला जुना टाकला. नेट बंद का? नाहीतर विंडोज मधेच आपला ड्रायव्हर घुसवतं. आणि हो, इंटेलचा ड्रायव्हरही कंपनीच्याच साइटवरचा घ्या, त्याला सगळे विसरतात.

कधीकधी चिपच खराब असते, तेही आहे. 2011 च्या मॅकबुक प्रोमध्ये एएमडीच्या ग्राफिक्सचा इतका त्रास झाला की ॲपलनं 2015 मध्ये फुकट दुरुस्ती जाहीर केली. तिथे ड्रायव्हर बदलून काही होत नाही. हीट गननं भाजूनही नाही. ते जेमतेम काही दिवस चालतं, मग परत तेच.

तर आता कमेंटमध्ये नुसतं "दादा, क्रॅश होतोय" लिहू नका. मॉडेल लिहा, 4101 आहे की फक्त 41 ते लिहा, आणि पॉवर सेव्हिंगवर टाकल्यावर काय झालं ते लिहा. इंटेल आधीच डिसेबल केलं असेल, तर आधी ते एनेबल करा, मग लिहा.