बाटली, काडी आणि वारा

(दृश्य: सोलापूर, संक्रांतीची यात्रा. बाराबंदीतला मानकरी, वर डोलणारा नंदीध्वज.)

सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज पेलणाऱ्याच्या पायांकडे बघा. शेंडा डावीकडे कलला, की पायही डावीकडे सरकतात. उपग्रह नेणारी मोठी रॉकेटं जवळजवळ हेच करतात. तळाचं नोझल, म्हणजे झोत बाहेर पडतो ते तोंड, किंचित वळतं आणि वरचा डोलारा सावरतो.

साउंडिंग रॉकेट म्हणजे वरच्या हवेत किंवा अवकाशात मोजमापं करून खाली येणारं छोटं रॉकेट; बहुतेकांना ही सोय नसते. केरळातल्या थुंब्याहून उडणारं इस्रोचं आरएच-200 घ्या. लांबी साडेतीन मीटरच्या आसपास, दोन टप्पे, घन इंधन, दहा किलोंची उपकरणं आणि उंची 80 किलोमीटरपर्यंत. लाँचरची रेल, म्हणजे सुरुवातीला दिशा देणारी पट्टी, सुटली, की त्याची दिशा बदलायला कुणाच्या हातात काही उरत नाही. तरीही 23 नोव्हेंबर 2022 रोजी या रॉकेटचं सलग 200वं यशस्वी उड्डाण झालं. सुकाणू नाही, मग हे जमतं कसं? सगळं नियंत्रण आधीच, जमिनीवर उरकलेलं असतं.

(दृश्य: दिवाळी. बाटलीत उभं केलेलं रॉकेट.)

दिवाळीतल्या रॉकेटची काडी मोडून बघितलेल्यांना पुढचं समजायला वेळ लागणार नाही. काडी नसली की ते गल्लीत कुणाच्याही दारात शिरतं. काडीचं काम एकच: हवेचा दाब जिथे एकवटतो तो बिंदू, म्हणजे दाबकेंद्र, मागे ओढणं. गुरुत्वमध्य, म्हणजे वजनाचा तोल साधतो तो बिंदू, पुढे आणि दाबकेंद्र मागे असेल, तर नाक भरकटताच हवा शेपटी ढकलून रॉकेट सरळ करते. साउंडिंग रॉकेटमध्ये काडीच्या जागी शेपटीचे पंख असतात.

(दृश्य: वर्गातलं टेबल, पुठ्ठ्याची नळी, सुताची गुंडी.)

मॉडेल रॉकेटवर हे तपासता येतं, आणि सोलापुरात सुताला काय तोटा! नळीचा व्यास चार सेंटिमीटर असेल, तर गुरुत्वमध्य आणि दाबकेंद्र यांत किमान चार सेंटिमीटर अंतर हवं, म्हणजे एक व्यास. रॉकेट आडवं लोंबेल अशा जागी दोरा बांधा, तोच गुरुत्वमध्य. गाठ चिकटपट्टीने पक्की करा आणि दोन मीटर दोऱ्यावर रॉकेट डोक्याभोवती फिरवा. नाक पुढे राहिलं तर ठीक. शेपूट पुढे आली किंवा कोलांट्या सुरू झाल्या, तर नाकात मातीचा गोळा भरा किंवा पंख मोठे करा. हमखास होणारी चूक म्हणजे मोटर, म्हणजे इंधनाची नळी, न बसवता चाचणी घेणं. भरलेली मोटर शेपटीत असते, ती गुरुत्वमध्य मागे खेचते. त्यामुळे सर्वांत नाजूक क्षण उड्डाणाचाच असतो; इंधन जळत जातं तसं रॉकेट अधिक स्थिर होतं.

पण स्थिरता जास्त झाली तरी पंचाईत. असं रॉकेट वाऱ्याला फार मान देतं, म्हणजे नाक वाऱ्याकडे वळवतं. रेल सोडताना वेग सेकंदाला 30 मीटर आणि आडवा वारा 5 मीटर धरला, तर हवा नाकावर साडेनऊ अंशांच्या कोनातून येते. तोच वारा 300 मीटर वेगाला एक अंशसुद्धा भरत नाही. म्हणून जमिनीलगतचा वारा सगळ्यात खोडकर, आणि म्हणूनच रेल लांब हवी. दिवाळीची बाटली फसते ती इथेच: रॉकेट वेग धरायच्या आत बाटलीबाहेर पडलेलं असतं.

हिशोब उलटा वाटेल असा आहे. जुलैत सोलापुरात पश्चिमेचा वारा असतो. इथून रॉकेट सोडायचं म्हटलं, तर मोटर जळत असताना त्याचं नाक वाऱ्याकडे, पश्चिमेला वळेल. मग लाँचर आधीच पूर्वेला, हैदराबादच्या बाजूला, थोडा झुकवून ठेवायचा. प्रक्षेपण तळावर हे असंच होतं. मनोऱ्यावरचे वातमापक खालचे थर मोजतात, फुगे वरचे. प्रत्येक थराच्या वाऱ्याला त्याचं वजन देऊन बेरीज करतात, खालच्या थरांना सगळ्यात जास्त. त्या बेरजेवरून लाँचरचा उन्नतांश (किती वर) आणि दिगंश (कोणत्या दिशेला) ठरतो. कोन लावल्यावर वारा फिरला, तर पुन्हा फुगा, पुन्हा गणित. झोत ठरलेल्या मर्यादेबाहेर गेले, तर उड्डाण थांबवायचं. रिकामा टप्पा समुद्रात नेमका कुठे पडणार, हे त्याच आकड्यांवर ठरतं.

आता मोटरचा दोष. जोर अक्षापासून जरासा जरी तिरका असला, तरी रॉकेट एकाच बाजूला वळत राहील. उपाय म्हणजे फिरकी. पंख अंशाच्या काही दशांशाने तिरपे बसवले, की रॉकेट स्वतःभोवती फिरतं आणि तो दोष आळीपाळीने सगळ्या दिशांना वाटला जातो.

फिरकीची स्वतःची एक खोड आहे. नाक वरखाली डोलण्याची रॉकेटची एक नैसर्गिक गती असते. फिरकीचा वेग वाढताना कधीतरी त्या गतीला गाठतो. झटकन ओलांडला तर काही बिघडत नाही. दोन्ही वेग एकमेकांना चिकटून राहिले, तर नाक शंकू काढू लागतं, हवेचा अडथळा वाढतो, उंची घटते आणि ताण फार झाला तर रॉकेट मोडतं. एखादा पंख किंचित वाकडा असणंही याला पुरतं.

(दृश्य: काळं आकाश, खाली पृथ्वीची वक्र कड.)

इतक्या उंचीवर पंख नुसते शोभेचे. हवाच नाही, तर ढकलणार कोण? दुर्बीण नेणाऱ्या रॉकेटला आधी फिरकी थांबवावी लागते. कमरेभोवती तारा गुंडाळून त्यांच्या टोकांना दोन वजनं बांधलेली असतात. ती सोडली, की उलगडत बाहेर जाताना फिरकी घेऊन जातात. भोवऱ्याच्या जाळीचं काम, पण उलटं: जाळी भोवऱ्याला फिरवते, या तारा रॉकेटला थांबवतात. मग दाबाखालचा नायट्रोजन छोट्या नोझलांतून सोडून उपकरण हव्या त्या ताऱ्याकडे वळवतात. एक झडप अडकून उघडी राहिली, तर टाकी रिकामी होते आणि निरीक्षण तिथेच संपतं.

उड्डाणातच सुकाणू असलेली साउंडिंग रॉकेटंही आहेत. स्वीडनच्या साब कंपनीने घडवलेली एस-19 प्रणाली नाकाजवळचे चार छोटे पंख हलवून पहिली साधारण 18 सेकंद दिशा राखते. अमेरिकेतल्या व्हाइट सँड्ससारख्या, चहूबाजूंनी जमीन असलेल्या तळावर तिचं महत्त्व कळतं.

आरएच-200 ला यातलं काही लागत नाही. हवामानाचे फुगे 30-35 किलोमीटरवर फुटतात. पुणेकर संशोधकांनी 2018 आणि 2019 मध्ये सोलापुरात ढगांचे प्रयोग केले, ते ढगही त्याच्या खालीच राहतात. त्याही वरचा वारा मोजायला हे रॉकेट शिखरावर तांब्याचे केसासारखे तंतू सोडतं. ते वाऱ्याबरोबर वाहतात आणि रडार त्यांच्यावर नजर ठेवतं.