तरवडाला गेटजवळ जागा द्या

पुण्याहून सोलापूरकडे निघालात ना, की रस्त्याच्या कडेला माळावर हे झुडूप दिसायला लागतं. एप्रिलचं ऊन, गवत वाळून पार कोळपलेलं, मुरूम तापलेला, आणि हे कमरेएवढं झाड मात्र हिरवंगार उभं. कुणी पाणी घालत नाही, कुणी लावलेलंही नाही. हा तरवड.

आता शहरात या. ही सोसायटी, हे लॉन, आणि हा लॉनसाठी आलेला टँकर. पुण्यात वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस पडतो, तोही जवळपास सगळा जून ते सप्टेंबर, म्हणजे पुढचे आठ महिने हे गवत फक्त पाइपवर जगतं. प्यायला पाणी विकत घ्यायचं आणि तेच गवतावर ओतायचं, हे बघून खरंच जीव तुटतो.

बरं, तरवड दिसायला कमी आहे का? जरा जवळून बघा फूल. पाच पिवळ्याधमक पाकळ्या, मधे वाकडे लांब पुंकेसर. त्यांच्या टोकाला बारीकशी भोकं असतात, पराग आत कोंडलेला. काळा भुंगा येतो, पुंकेसरांना मिठी मारतो आणि अंग असं थरथरवतो की गूंऽऽ असा आवाज येतो आणि चाळणीतून पीठ पडावं तसा पराग त्याच्या पोटावर सांडतो. पूर्वी कातडं कमवायला याची साल वापरायचे. शेजारच्या तेलंगणात तर हे राज्यफूल आहे, बतुकम्माच्या सणात याच फुलांचे थर रचतात, आणि आपण मात्र ते माळावरचं झुडूप म्हणून सोडून दिलंय.

एकटा तरवडच नाही हं. कंपाउंडला पिवळी कोरांटी लावा, काटेरी आहे, कुंपणाचं काम होतं. उतारावर धायटी, तिच्या लाल फुलांवर शिंजीर पक्षी येतातच. मोठी जागा असेल तर बहावा. ताम्हण मलाही फार आवडतं, आपलं राज्यफूल आहे, पण ते मूळचं ओढ्याकाठचं, त्याला कोरड्या डिव्हायडरवर उभं करू नका.

नर्सरीत तरवडाची रोपं सहसा मिळत नाहीत, त्यामुळे हिवाळ्यात या चपट्या तपकिरी शेंगा वाळल्या की बिया गोळा करायच्या. कवच टणक असतं, म्हणून रात्रभर गरम पाण्यात भिजवायच्या आणि पहिला पाऊस झाला की थेट जमिनीतच टोचायच्या. काळी माती असेल तर मुरूम मिसळा, मुळाशी पाणी साचलेलं त्याला चालत नाही. पहिले दोन उन्हाळे थोडं पाणी द्यावं लागतं, नंतर ते आपलं आपण बघतं.

आमच्या गेटजवळच्या रोपांचा हा दुसरा उन्हाळा, आठवड्याला रोपामागे एक बादली, बस. परवा सकाळी पहिलं फूल उमललं आणि तासाभरात भुंगा हजर, तोच हा शॉट.