गुरुवारचा रिकामा रकाना

श्रोतेहो, नमस्कार.

महाविद्यालयाच्या जिमखान्यात दरवर्षी जुलैत आणि जानेवारीत गर्दी होते आणि साधारण तीन आठवड्यांत ती ओसरते, हे शारीरिक शिक्षण विभागात काम करताना मी इतक्या वेळा पाहिले आहे की आता त्याचे नवल वाटत नाही. नवल याचे वाटते की व्यायाम सुटलेला जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी कारण एकच सांगतो : ‘सर, मीच आळशी आहे.’ माझ्या अनुभवात हे निदान बहुतेक वेळा चुकीचे निघते. चूक आखणीत असते, आणि ती नेमकी कोठे आहे हे दाखवणारी नोंद मात्र कोणाकडेच नसते. आज मला बोलायचे आहे ते या आखणीविषयी आणि नोंदीविषयी.

मागे विज्ञान शाखेच्या द्वितीय वर्षात शिकणारा, वसतिगृहात राहणारा एक विद्यार्थी माझ्याकडे आला. गावी असताना सायकलने शाळेत जाणारा आणि सुट्टीत शेतावर राबणारा हा मुलगा शहरात आला, आणि वर्षभरात त्याचे वजन ६ किलोंनी वाढले. तिसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत त्याला धाप लागू लागली. मोबाईलवर सापडलेला, आठवड्यातून सहा दिवस रोज दीड तासाचा एक कार्यक्रम त्याने मोठ्या उत्साहाने सुरू केला आणि अकराव्या दिवशी सोडून दिला. तो कार्यक्रम वाईट नव्हता. मात्र तो ज्याच्यासाठी लिहिला गेला होता, त्याला सकाळी साडेसातचे लेक्चर नसावे, गुरुवारी संध्याकाळी साडेपाचपर्यंत चालणारे प्रॅक्टिकल नसावे आणि रात्री साडेआठला बंद होणारी मेसही नसावी.

म्हणून पहिला आठवडा मी त्याला व्यायाम करायला सांगितलाच नाही. शंभर पानी वही घे आणि सात दिवस फक्त लिही, एवढेच सांगितले : किती वाजता उठलो, किती चाललो, किती वेळ बसून होतो, कधी झोपलो. आठवड्याने वही उघडली तेव्हा दिसले की वसतिगृहापासून महाविद्यालयापर्यंतची वाट २० मिनिटांची आहे आणि आठवड्यातले सहा दिवस तो ती दोन्ही वेळा पायीच तुडवतो, परंतु मित्रांबरोबर गप्पा मारत, रेंगाळत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शनाप्रमाणे प्रौढ माणसाला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस श्रमाचा व्यायाम हवा, आणि शिवाय निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम हवा. मध्यम श्रम ओळखण्याची खूण सोपी आहे : बोलता येते, पण गाता येत नाही. जाण्याची फेरी एकट्याने, या वेगाने झपझप करायची एवढे ठरवले, तरी १२० मिनिटे हिशेबात जमा झाली. परतीच्या वाटेवरच्या गप्पा मी सोडवल्या नाहीत. त्या वयात त्याही लागतात.

आता प्रश्न उरला बळाचा आणि दमाचा. पण वाढ मोजायची तर आधी आपण कोठे उभे आहोत हे ठाऊक हवे. दमासाठी मी एक जुनी आणि बिनखर्ची चाचणी वापरतो. अमेरिकन हवाई दलातील डॉक्टर केनेथ कूपर यांनी १९६८ साली ती प्रसिद्ध केली : १२ मिनिटांत जास्तीत जास्त किती अंतर कापता येते, धावून किंवा मध्येमध्ये चालून, ते मोजायचे. या विद्यार्थ्याचे अंतर १,७५० मीटर भरले. त्याखेरीज सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी मनगटावर बोटे ठेवून पूर्ण मिनिटभर मोजलेली नाडी, एका दमात होणारे जोर आणि बैठका, एवढेच आकडे वहीच्या पहिल्या पानावर आले. बैठका ३० झाल्या. जोर झाले ४, आणि पाचवा निम्म्यावर राहिला. तोही त्याने ‘साडेचार’ असा लिहून ठेवला, हे मला आवडले.

आखणी करताना आम्ही व्यायामाच्या पुस्तकाऐवजी लेक्चरचे वेळापत्रक समोर ठेवले. सोमवार आणि गुरुवार जोर-बैठकांना, मंगळवार आणि शनिवार धावण्याला, प्रत्येक वेळी ४० मिनिटांपेक्षा जास्त नाही. श्रम वाढवण्याचा नियमही आधीच ठरवून वहीत लिहिला, कारण तो नियम लिहिलेला नसेल तर तरुण मुलगा उत्साहाच्या दिवशी दुप्पट करतो आणि पुढचे चार दिवस जिना उतरताना कठडा धरतो. जोर जमिनीवर जमत नव्हते, म्हणून हात मैदानाच्या कट्ट्यावर टेकवून सुरुवात केली : तीन आवर्तने, प्रत्येकी ८. तिन्ही आवर्तनांत १२ पर्यंत मजल गेली, आणि तीही लागोपाठ दोन वेळा, तरच पुढची पायरी, म्हणजे जमिनीवरचे जोर. धावण्यात एक मिनिट धावणे आणि दोन मिनिटे चालणे, मग हळूहळू धावणे वाढवायचे आणि चालणे कमी करायचे. चौथा आठवडा मुद्दाम हलका ठेवला. शरीर श्रमाला सरावते ते श्रमानंतरच्या विश्रांतीत, झोपेत. ही गोष्ट जुन्या तालमींतल्या वस्तादांना पक्की ठाऊक असायची, आणि आमच्या रात्री दोनपर्यंत जागणाऱ्या विद्यार्थ्यांना ती पटवणे हे माझ्या नोकरीतले सर्वांत अवघड काम आहे.

नोंदीसाठी वहीत पाच रकाने आखले : तारीख, काय केले, किती मिनिटे, किती जड गेले आणि आदल्या रात्री किती तास झोप झाली. ‘किती जड गेले’ हे शून्य ते दहा या आकड्यांत, व्यायाम संपल्यावर थोड्या वेळाने शांतपणे लिहायचे. हा आकडा मिनिटांनी गुणला की त्या दिवसाच्या श्रमाचे एक ढोबळ माप मिळते : ४० मिनिटे व्यायाम आणि जडपणा ६, म्हणजे २४०. क्रीडा प्रशिक्षणात ही रीत चांगली रुळलेली आहे आणि तिला कोणतेही यंत्र लागत नाही. आठवड्याची बेरीज मागच्या आठवड्यापेक्षा एकदम फुगलेली दिसली, तर पुढच्या आठवड्यात हात आखडता घ्यायचा. एक अट मात्र मी कडकपणे पाळायला लावली. चुकलेला दिवस कोरा सोडायचा नाही. तेथे न करण्याचे कारण लिहायचे, आणि ‘कंटाळा’ हे कारण असेल तर तेही लिहायचे.

तीन आठवड्यांनी वही पाहिली. तिन्ही गुरुवार चुकलेले होते. विद्यार्थी खाली मान घालून म्हणाला, ‘माझ्याने होत नाही, सर.’ मी त्याला कारणे मोठ्याने वाचायला लावली. पहिल्या गुरुवारी ‘प्रॅक्टिकलनंतर जर्नल लिहीत बसलो’, दुसऱ्या गुरुवारी ‘जर्नल’, तिसऱ्या गुरुवारी ‘जर्नल, मेस चुकली’. खोट मुलात नव्हती, गुरुवारात होती, आणि आखणी करताना ते माझ्याही लक्षात आले नव्हते. गुरुवारचे जोर शुक्रवारी सकाळी नेले आणि पुढच्या तीन शुक्रवारांपैकी एकही चुकला नाही. वहीतून आणखी एक गोष्ट उघड झाली. ज्या रात्री झोप सहा तासांहून कमी झाली, तिच्या दुसऱ्या दिवशी तेच अंतर धावताना जडपणाचा आकडा पाचावरून सातावर जात होता. मी झोपेवर चार व्याख्याने दिली असती तरी हा परिणाम झाला नसता.

परीक्षेच्या दिवसांसाठी वेगळे पान होते, कारण त्या पंधरवड्यात चाळीस मिनिटांचा आग्रह धरणे म्हणजे कार्यक्रम मोडायला निमंत्रण. त्या पानावर फक्त १२ सूर्यनमस्कार होते. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांमध्ये सूर्यनमस्कारांचा नेटाने प्रसार केला, त्यामागची व्यावहारिक दृष्टी मला अशा वेळी विशेष जाणवते : सतरंजीएवढी जागा, थोडा वेळ आणि साधन काहीच नाही. वसतिगृहाच्या दोन खाटांमध्येही ते होतात.

मनगटी घड्याळांविषयी मला नेहमी विचारले जाते. घड्याळ असेल तर वापरावे, पण ते दाखवते तो खर्च झालेल्या कॅलरींचा आकडा अंदाज असतो, हे विसरू नये. रोज १०,००० पावलांचे जे लक्ष्य सर्वांच्या तोंडी आहे, त्याचा उगम जपानमध्ये १९६५ साली विक्रीस आलेल्या पावले मोजणाऱ्या एका उपकरणाच्या नावात आहे. ‘दहा हजार पावले मोजणारे’ असाच त्या नावाचा अर्थ होतो. तो गोल आकडा लक्षात राहायला सोपा आहे. नऊ हजार झाली म्हणून अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही.

वजनाचेही तसेच. रात्री मेसमध्ये लोणचे-पापडासह जेवण झाले की सकाळी काटा अर्धा किलो वर जाऊ शकतो, आणि ते पाणी असते. म्हणून आठवड्यातले तीन सकाळचे आकडे घेऊन त्यांची सरासरी लिहावी. आहाराबद्दल येथे एवढेच सांगतो की भारतीय शिफारशीप्रमाणे निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत, म्हणजे ६० किलोच्या विद्यार्थ्याला सुमारे ५० ग्रॅम. मेसच्या पातळ वरणावर भिस्त ठेवली तर हा हिशेब अनेकदा कमी पडतो. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम आणि मूठभर शेंगदाण्यांत ७ ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. महागड्या डब्यातल्या पावडरीकडे वळण्यापूर्वी ही बेरीज करून पाहावी.

आणखी एक इशारा द्यायला हवा. नव्या व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग आंबते आणि आपोआप मोकळे होते. परंतु सांध्यात टोचणारी वेदना, छातीत दुखणे, चक्कर किंवा शुद्ध हरपणे ही लक्षणे वहीत लिहून पुढे जाण्याची नाहीत. तेथे थांबावे आणि डॉक्टरांकडे जावे. घरात कोणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, तर सुरुवात करण्यापूर्वीच तपासून घ्यावे.

आठव्या आठवड्यात आम्ही पुन्हा चाचणी घेतली : तेच मैदान, तीच सकाळची वेळ, तेच बूट. अंतर २,०५० मीटर भरले, जमिनीवरचे जोर १४ झाले. वजन मात्र एकच किलो उतरले होते आणि त्यामुळे स्वारी थोडी खट्टू झाली. मी त्याला तिसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत जाऊन यायला सांगितले. तो गेला, आला, आणि काही न बोलता वहीत नवी ओळ लिहू लागला.

पुढच्या सत्राचे वेळापत्रक सूचना फलकावर लागले त्या दुपारी तो शिसपेन आणि वही घेऊन दारात उभा होता. प्रॅक्टिकल या वेळी मंगळवारी होते.

नमस्कार.