हळदीकुंकवाचं बोलावणं

श्रोतेहो, नमस्कार.

उतारवयात जोडीदार गेला की घरात, गल्लीत, नात्यागोत्यात माणसाची जागा कुठं राहते, याबद्दल आज बोलायचं आहे.

माझे यजमान जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. निवृत्तीनंतर काही वर्षं आम्हाला निवांत मिळाली. सकाळचा पहिला चहा तेच करायचे, आलं सढळ हातानं ठेचून घालायचे. बाजारच्या दिवशी भाजीच्या पिशवीत सगळ्यात वर गजरा असायचा. 'तुझ्यासाठी आणलाय' असं कधी म्हणाले नाहीत. पिशवी ओट्यावर ठेवायची आणि पेपर घेऊन बसायचं. प्रेम बोलून दाखवायची आमच्या पिढीला सवय नव्हती, पण ते मला रोज पोचत होतं.

ते गेले. त्या दिवसाचं फार सांगत नाही. दहाव्याचं सांगते. कुंकू पुसायला, बांगड्या फोडायला भावकीतल्या वडीलधाऱ्या बायका जमल्या. त्यांत वाईट कुणीच नव्हतं. काहीजणी स्वतः यातूनच गेलेल्या. माझ्या थोरल्या जाऊबाई पुढं झाल्या आणि म्हणाल्या, "हिच्या अंगाला कुणी हात लावायचा नाही. भाऊजींना हे चाललं असतं का?" सगळ्या थांबल्या. कुंकू तर मी परकर-पोलक्यात होते तेव्हापासून लावते, लग्नाच्या कितीतरी आधीपासून. ते माझं होतं. जाऊबाईंमुळं माझंच राहिलं.

आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं ४ मे २०२२ रोजी ग्रामसभेत ठराव केला. कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं, हे आमच्या गावात आता बंद. कोरोनानं घराघरांतली माणसं नेली होती, त्याला फार दिवस झाले नव्हते. राजर्षी शाहू महाराजांच्या निधनाला ६ मे रोजी शंभर वर्षं पूर्ण व्हायची होती. लगेच १७ मे रोजी राज्य सरकारनंही परिपत्रक काढून इतर गावांना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं.

महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला. पुढच्याच वर्षी त्यांचे धाकटे चिरंजीव शिवाजी शिकारीत घोड्यावरून पडून गेले. सूनबाई इंदुमतीदेवी तेव्हा लहान मुलगीच होत्या. पोटचा मुलगा गेलेल्या त्या बापानं सुनेला कोपऱ्यात बसवलं नाही, सोनतळीला तिच्या शिक्षणाची सोय केली. आपलं दुःख एवढं मोठं असताना दुसऱ्याच्या उरलेल्या आयुष्याचा विचार करणं मला फार मोठं वाटतं.

पण ठरावानं बोलावणं येत नाही. संक्रांतीनंतर शेजारणी दारात यायच्या, सुनेला म्हणायच्या, "संध्याकाळी हळदीकुंकवाला या हं." माझ्याकडं वळून, "काकू, बऱ्या आहात ना?" तेवढंच. ज्या घरांत मी वर्षानुवर्षं वाण घेतलं, तिथं आता मी फक्त बरी असायची. याचं मला फार लागलं. यजमानांचं नावसुद्धा कुणी काढायचं नाही. मला त्रास होईल म्हणून टाळत असतील. पण मला त्यांच्याबद्दल बोलायचं असायचं.

पुरुषाची जोडवी कुणी काढत नाही, हे खरं. तरी माझ्या भावाची बायको गेली तेव्हा पाहिलं, नातीगोती सगळी वहिनीनं धरून ठेवलेली होती. कुणाचं डोहाळजेवण, कुणाची वास्तुशांत, सगळं तिच्या डोक्यात. ती गेल्यावर भावाच्या घरी माणसंच येईनाशी झाली. 'जेवलास का' एवढं विचारायलाही कुणी नाही.

दर नोव्हेंबरात मी बँकेत जाऊन हयातीची सही करते, मग कुटुंब निवृत्तिवेतन चालू राहतं. मी आहे का, हे सरकार वर्षातून एकदा विचारतं. आपल्या माणसांनी त्याहून जास्त वेळा विचारावं, अशी माझी इच्छा आहे.

गेल्या संक्रांतीला सूनबाई म्हणाली, "आई, आपणच सगळ्यांना बोलवूया." नवरा असलेल्या, नसलेल्या, लग्न न झालेल्या, सगळ्या. वाण म्हणून तुळशीची रोपं आणली. गल्लीतल्या एक आजी उंबऱ्याशीच थांबल्या. सुनेनं त्यांना हाताला धरून आत आणलं, आधी विचारलं, मग कुंकू लावलं. त्यांचे यजमान साखर कारखान्यात होते. त्या रात्री आजींनी आम्हाला त्यांच्या रात्रपाळ्या, त्यांचा चहाचा थर्मास, त्यांचं तापट डोकं, सगळं सांगितलं. आठ वाजून गेले तरी कुणी उठेना.

यंदाही रथसप्तमीच्या आधी ठेवणार आहोत. तिळगूळ जाऊबाई करणार आहेत. बोलावणं करायला मी स्वतः घरोघर जाणार आहे, आणि भावालाही त्या दिवशी जेवायला बोलावलंय.

नमस्कार.